जोडलेल्या उपकरणांची बॅटरीमर्यादा

इंटरनेटशी किंवा परस्परांशी जोडलेले एखादे उपकरण एकदा चार्ज केल्यावर, पुन्हा वीज न मिळता, जितका वेळ चालते तितकी त्याची बॅटरीमर्यादा होय. पैसे देणे, रस्ता शोधणे, तिकीट दाखवणे आणि स्वतःची ओळख पटवणे ही कामे एकाच स्मार्टफोनवर येऊन ठेपल्यामुळे बॅटरी उतरली की ती सगळी एकदम अडतात. म्हणूनच ही मर्यादा आज निव्वळ गैरसोयीची बाब उरलेली नाही.

बहुतेक उपकरणांत लिथियम-आयन बॅटरी असते. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा बॅटरीच्या एका किलोग्रॅममध्ये साधारण २५० वॉट-तास ऊर्जा मावते, तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास. ही क्षमता हळूहळू वाढत गेली, पण पडदा, प्रोसेसर आणि रेडिओ (सिग्नल पाठवणारा व घेणारा भाग) यांची भूक त्याहून वेगाने वाढली. सिग्नल क्षीण असेल तेथे फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो आणि बॅटरी लवकर उतरते. दुर्गम जागी, म्हणजे नेमकी जेथे फोनची गरज जास्त, तेथेच तो आधी मान टाकतो.

जुना फोन कडाक्याच्या थंडीत १५ टक्के चार्ज दाखवत असतानाही कॅमेरा उघडताच बंद पडतो. वापराने आणि थंडीने बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा विरोध, वाढलेला असतो. कॅमेऱ्याने एकदम जास्त प्रवाह ओढला की विद्युतदाब कोसळतो आणि यंत्रणा फोन बंद करते. फोन उबेत आणल्यावर तोच उरलेला चार्ज पुन्हा वापरता येतो.

तापमानासारख्या गोष्टी मोजून कळवणारे छोटे संवेदक (सेन्सर) मात्र झोपून आयुष्य वाढवतात. सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. सरासरी १० मायक्रोअँपिअर प्रवाह घेणारा संवेदक हिशेबाने तिच्यावर अडीच वर्षे चालतो, कारण क्षणभर जागे होऊन तापमान कळवले की तो पुन्हा निद्रावस्थेत जातो. माझ्या मते या क्षेत्रातील खरी प्रगती रसायनापेक्षा या काटकसरीत झाली आहे.

झिजलेली बॅटरी बदलणे हा सर्वांत साधा उपाय असला, तरी चिकटवून बंद केलेल्या उपकरणांत तो अवघड होतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार, काही अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी वापरकर्त्याला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे.