दुबईत घर घेताना एजंटाशी व्यवहार: फॉर्म, कागदपत्रं आणि पैशांची वाट

पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी दुबईच्या फ्लॅटचं प्रदर्शन भरलं होतं. काचेच्या पेटीत टॉवरचं मॉडेल, शेजारी कॉफी, आणि टेबलावर कार्ड स्वाइप करायचं मशीन. टेबलापलीकडच्या मुलाने छातीवरचा बिल्ला पुढे केला. "सर, आम्ही रेरा रजिस्टर्ड आहोत." नंबर ए अक्षराने सुरू होत होता, म्हणजे महारेराचा. मी विचारलं, "हा इथला रेरा. तिथला?" तो गोंधळला. "रेरा एकच असतो ना सर?"

एक नसतो. रेरा म्हणजे बिल्डर आणि दलालांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा. दुबईचा रेरा २००७ साली स्थापन झाला आणि तो तिथल्या जमीन खात्याच्या, म्हणजे दुबई लँड डिपार्टमेंटच्या अखत्यारीत चालतो. महारेराचं काम २०१७ला सुरू झालं आणि त्याचा अधिकार महाराष्ट्रातल्या प्रकल्पांपुरता. उद्या त्या टॉवरचं काम रखडलं तर वांद्र्याच्या महारेरात तुमची तक्रार उभी राहणार नाही. म्हणून घराचे कागद बघण्याआधी एजंटाचे कागद बघावेत.

एजंट कसा तपासायचा

दुबईत दलालीचं काम करणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ब्रोकर कार्ड असावं लागतं. त्यावर त्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो, त्याला सगळे बीआरएन म्हणतात. त्याच्या ऑफिसचा क्रमांक वेगळा. 'दुबई रेस्ट' हे जमीन खात्याचं मोफत ॲप मोबाईलवर घ्या, त्यात हा क्रमांक टाका. नाव, कंपनी आणि कार्डाची मुदत दिसते. कार्डावरचा माणूस आणि तुमच्याशी व्हॉट्सॲपवर बोलणारा माणूस एकच आहे ना, हेही बघा. बऱ्याचदा कार्ड साहेबाचं असतं आणि धावपळ करणारा पोरगा बिनकार्डाचा.

दुसरी खूण जाहिरातीत सापडते. मालकाने लेखी नेमणूक दिल्याशिवाय एजंटाला फ्लॅटची जाहिरात करता येत नाही, आणि जाहिरातीला 'तरखीसी' परवाना लागतो. त्याचा क्रमांक आणि क्यूआर कोड जाहिरातीवर असतो. स्कॅन केलं की परवान्याचा तपशील उघडतो. कोड नसेल, किंवा स्कॅन केल्यावर भलताच फ्लॅट निघाला, तर ते गिऱ्हाईक ओढण्यासाठी लावलेलं आमिष समजायचं.

ए, बी, आय, एफ

तयार घर जुन्या मालकाकडून घ्यायचं असेल तर ही चार अक्षरं पाठ करावीत. फॉर्म ए मालक आणि त्याच्या एजंटामधला. फॉर्म बी तुमच्या आणि तुमच्या एजंटामधला. दोन्ही बाजूंना वेगवेगळे एजंट असतील तर त्यांच्यातला दलालीवाटपाचा करार फॉर्म आयवर होतो. आणि फॉर्म एफ म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यातला करार, आपल्याकडच्या साठेखताच्या जागी. किंमत, अनामत, हस्तांतराची शेवटची तारीख, कोणाची दलाली किती, हे सगळं त्यात येतं.

यातल्या फॉर्म बीकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. त्यावर सही होईपर्यंत समोरचा एजंट तुमचा नसतो. तो गोड बोलणारा मालकाचा माणूस असतो. एकाच एजंटाने दोन्ही बाजू सांभाळल्याचंही दिसतं, म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारावं: फॉर्म ए तुमच्याकडे आहे का, आणि दलाली तुम्ही दोघांकडून घेणार का?

मी हे ठेच लागून शिकलो. नोकरीनिमित्त नऊ वर्षं दुबईत होतो, तेव्हा एकच फ्लॅट दोन आठवड्यांच्या अंतराने दोन एजंटांबरोबर पाहिला. पहिल्याने लिफ्टमध्येच मोबाईलवर फॉर्म बी पुढे केला होता आणि मी न वाचता सही केली होती. व्यवहार दुसऱ्यामार्फत झाला, आणि पहिला दलाली मागायला दारात हजर! त्या फॉर्मात फ्लॅटचा नंबरही होता आणि तीन महिन्यांची मुदतही. शेवटी अर्ध्या रकमेवर मिटवलं. तेव्हापासून माझे दोन नियम: कुठला फ्लॅट कोणी दाखवला हे तारखेसह वहीत लिहायचं, आणि फॉर्म बीवर मुदत, फ्लॅटचा तपशील आणि टक्का वाचल्याशिवाय अंगठा टेकवायचा नाही.

दलाली साधारण किमतीच्या २ टक्के, वर ५ टक्के व्हॅट. हा रिवाज आहे, कायद्याने ठरवलेला दर नव्हे, त्यामुळे घासाघीस चालते. पैसे कंपनीच्या नावे द्यावेत आणि पावती घ्यावी. एजंटाच्या खासगी खात्यात एक दिरहमही टाकू नये.

बांधकाम चालू असलेलं घर

इथे एजंट म्हणतो, "तुमच्याकडून एक रुपयाही नको." खरंच नको असतो, कारण त्याला बिल्डर देतो. पण मग तो माणूस कोणाचा, हे सांगायला नको. त्याच्या तोंडी भाडं अमुक टक्के आणि भाव दुप्पट, ही भाषा असणारच.

त्याला तीन गोष्टी मागा. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, प्रकल्पाच्या एस्क्रो खात्याचा (फक्त त्या प्रकल्पासाठी राखलेल्या खात्याचा) तपशील, आणि 'ओकूद' कधी मिळणार याची तारीख. एस्क्रोचा कायदा २००७चा आहे. गिऱ्हाइकाचे हप्ते त्या प्रकल्पाच्या खात्यातच जमा व्हायला हवेत. बिल्डरच्या दुसऱ्या कुठल्या खात्याचा नंबर दिला तर तिथेच थांबा. ओकूद म्हणजे अपूर्ण घराची तात्पुरत्या नोंदवहीतली नोंद. २००८च्या कायद्याप्रमाणे ती नोंद नसलेली विक्री ग्राह्य धरली जात नाही. प्रकल्प किती टक्के झाला, हेही रेस्ट ॲपवर बघता येतं. एजंटाच्या व्हिडिओपेक्षा त्यावर भरवसा ठेवावा.

कोण घेऊ शकतो, आणि किती

दुबईच्या बाजूने अट सोपी आहे. २००६च्या कायद्याने परदेशी माणसाला ठरावीक भागांत पूर्ण मालकी घेता येते: मरीना, बिझनेस बे, जुमेरा व्हिलेज सर्कल, इंटरनॅशनल सिटी वगैरे. तिथे राहत असण्याची गरज नाही, पासपोर्ट पुरतो. आपली माणसं वर्षानुवर्षं भाड्याने राहतात त्या करामा, देरा भागांतला बहुतांश पट्टा मात्र या यादीत नाही.

घोडं अडतं ते भारताच्या बाजूला, आणि त्याबद्दल एजंट चकार शब्द काढत नाही. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. डॉलरला ३.६७२५ दिरहम हा बांधलेला दर आहे, म्हणजे माणशी ९,१८,१२५ दिरहम. दहा लाख दिरहमचा फ्लॅट एकट्याच्या एका वर्षाच्या मर्यादेत बसतच नाही.

यावर उपाय दोन. नवरा-बायकोने किंवा जवळच्या नातेवाइकांनी आपापल्या मर्यादा एकत्र करायच्या. मात्र पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाचं नाव मालकीत हवं, म्हणून फॉर्म एफ भरण्याआधीच एजंटाला दोन्ही नावं द्या. ही सवलत नातेवाइकांपुरती आहे, मित्रांना नाही. किंवा हस्तांतराची तारीख अशी ठेवायची की काही रक्कम ३१ मार्चच्या आत आणि काही १ एप्रिलनंतर जाईल.

पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वसूल करते: वर्षभरात १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर २० टक्के. १ कोटी पाठवले तर ९० लाखांवर १८ लाख, आणि तेही कोटीच्या वर वेगळे. रिटर्न भरताना ते करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकलेले. माझ्या ओळखीच्या एकाने हे धरलंच नव्हतं आणि ऐन वेळी सोनं मोडायची पाळी आली. या पाठवणीसाठी भारतातली बँक कर्जही देत नाही.

हॉटेलातल्या त्या स्वाइप मशीनबद्दलही याच ओघात. परदेशात घर घेणं हा भांडवली व्यवहार आहे. टोकन कितीही लहान असलं तरी ते बँकेतून एलआरएसनेच जाऊ द्या, क्रेडिट कार्डावर नको. आणि "इथे रोख द्या, तिथे आमचा माणूस भरेल" असं कोणी म्हणालं तर खुर्ची मागे सारून उठा. तो हवाला झाला. फेमा या परकी चलनाच्या कायद्याखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो आणि तो तुम्हालाही लागतो. व्यवहार फिसकटून पैसे तिथेच पडून राहिले तर १८० दिवसांत भारतात परत आणायचे, हेही ध्यानात असू द्या.

तिथे नोकरीला असताना घेतलेलं घर मात्र भारतात परतल्यावर ठेवता येतं. फेमाचं कलम ६(४) त्यासाठीच आहे. माझं त्यातच बसतं.

कागदपत्रं

बँकेत लागतात: पॅन, पासपोर्ट, फॉर्म ए-२ (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज, वरच्या फॉर्म एशी संबंध नाही) आणि एलआरएसचं घोषणापत्र, फॉर्म एफ किंवा बिल्डरच्या कराराची प्रत. उद्देश-क्रमांक एस०००५, म्हणजे परदेशी स्थावर मालमत्ता. घाईत कारकुनाने कुटुंबाच्या खर्चाचा क्रमांक टाकला तर लगेच दुरुस्त करून घ्या. खातं त्या बँकेत निदान वर्षभर जुनं असावं, नसेल तर आधीच्या बँकेचे खातेउतारे मागतात.

दुबईत लागतात: मूळ पासपोर्ट, रहिवासी असल्यास एमिरेट्स आयडी, सही झालेला फॉर्म एफ, बिल्डरची ना-हरकत आणि बँकेचे मॅनेजर्स चेक (आपल्या डिमांड ड्राफ्टसारखे). स्वतः जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र. त्याची वाट लांबची आहे: इथे नोटरी, राज्य सरकार आणि परराष्ट्र मंत्रालयाची साक्षांकनं, मग अमिरातीचा वकिलात-शिक्का, पुढे तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि अरबी भाषांतर. मुखत्यार एजंटाला करू नका. त्याला पैसे मिळतात ते व्यवहार झाला तरच. तुमच्या वतीने "थांबा" तो कशाला म्हणेल?

अनामत आणि हस्तांतराचा दिवस

फॉर्म एफबरोबर १० टक्क्यांचा चेक मालकाच्या नावाने लिहितात आणि तो बहुधा एजंटाच्या ऑफिसात ठेवतात. तो वटवायचा नसतो, धरून ठेवायचा असतो. तसं लिहिलेली पावती घ्या. भारतातून घेणाऱ्याकडे तिथलं चेकबुक नसतं, म्हणून सोय आधीच विचारा.

दहा लाख दिरहमच्या फ्लॅटवर वरखर्च असा: जमीन खात्याचे ४ टक्के, म्हणजे ४०,०००, दलाली व्हॅटसह २१,०००, हस्तांतर जिथे होतं त्या ट्रस्टी ऑफिसचे ४,२००, किरकोळ शुल्क ५८०. एकूण ६५,७८० दिरहम. ४ टक्के खरं तर दोघांत निम्मे वाटून घ्यायचे, पण प्रत्यक्षात सगळे घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतात. एजंटाच्या पहिल्या आकड्यात यातलं काहीही नसतं. वार्षिक सर्व्हिस चार्जही नसतो, आणि तो मागच्या मालकाने भरलाय का, हे ना-हरकतीच्या आधीच विचारायचं.

ट्रस्टी ऑफिस म्हणजे आपलं सबरजिस्ट्रार कार्यालय, फक्त खुर्च्या मऊ. टोकन घ्यायचं, काउंटरवर दोन्ही पक्षांनी पासपोर्ट ठेवायचे. बाई एकेक चेक उताणा करून नाव आणि आकडा फॉर्म एफशी ताडून बघते. माझ्या वेळी मालकाच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं. चेक परत, आम्ही बँकेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सगळं जुळलं की मालकीपत्र तिथल्या तिथे छापून हातात येतं. चाव्या आणि पार्किंगचं कार्ड हातात पडेपर्यंत एजंटाला दलालीचा चेक देऊ नका.

भारतात परतल्यावर एक काम उरतं. रिटर्न आयटीआर-१ वर चालत नाही; शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) असलेला फॉर्म घ्यायचा आणि त्यात हे घर दाखवायचं, भाडं येवो न येवो. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्याने १० लाखांचा दंड आहे. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला मिळालेली सूट घराला लागू नाही. भाडं आलं तर त्यावर इथे कर बसतो, दुबईत नसला तरी. एफएमध्ये तपशील जानेवारी ते डिसेंबरचा भरतात, त्यामुळे फेब्रुवारीत घेतलेलं घर कोणत्या रिटर्नमध्ये येतं, हे सीएकडून तेव्हाच लिहून घ्या.