सावलीत वाढणारा चहा

जपानमधील क्योतो शहराच्या दक्षिणेला असलेल्या उजी परिसरात एप्रिल महिन्यात चहाच्या मळ्यांवर मांडव चढू लागतात. झुडपांना कोवळी पालवी फुटली की शेतकरी लाकूड-बांबूच्या सांगाड्यावर बोरूच्या चटया अंथरतात आणि काही दिवसांनी त्यांवर भाताचा पेंढा पसरतात. अखेरच्या टप्प्यात ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश अडवला जातो आणि पाने खुडण्यापूर्वी साधारण तीन आठवडे झुडपे अशी अंधारात राहतात. जपानी चहाविधीवर लिहिणारे बहुतेकजण चहागृहाच्या साधेपणाविषयी आणि यजमानाच्या संथ हालचालींविषयी बोलतात. परंतु त्या विधीचा गाभा या मांडवाखाली तयार होतो, असे मला वाटते.

चहाच्या मुळांमध्ये थिॲनिन नावाचे अमिनो आम्ल तयार होते आणि ते पानांपर्यंत वाहून नेले जाते. तेथे सूर्यप्रकाश मिळाला की त्याचे विघटन होते आणि त्यातून सुटलेला एक घटक कॅटेचिन घडवण्यासाठी वापरला जातो. कॅटेचिनमुळे चहाला तुरटपणा येतो, तर थिॲनिनमुळे जिभेवर रेंगाळणारी, काहीशी गोडसर अशी भरीव चव येते. प्रकाश रोखला की ही प्रक्रिया मंदावते, थिॲनिन पानातच साठून राहते आणि कॅटेचिनचे प्रमाण कमी होते. शिवाय मिळेल तेवढा प्रकाश टिपण्याच्या धडपडीत झुडूप अधिक हरितद्रव्य तयार करते. माचा नावाच्या चहापुडीचा गडद हिरवा रंग त्यातूनच येतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानला आलेला पोर्तुगीज जेझुइट जुआंव रॉड्रिग्ज याने उजीच्या या आच्छादनांचे वर्णन करताना हिमदवापासून पालवीचे रक्षण हे त्यांचे कारण दिले आहे. चव सुधारते हे शेतकऱ्यांच्या लक्षात आले असणारच. तिच्यामागचे थिॲनिन मात्र १९४९ साली, अशाच सावलीतल्या ग्योकुरो चहाच्या पानांतून, वेगळे काढण्यात आले.

खुडलेली पाने त्याच दिवशी काही सेकंद वाफवली जातात. त्या उष्णतेने पाने काळी पाडणारी विकरे निष्क्रिय होतात. मग पाने वाळवून, देठ आणि शिरा काढून टाकून दगडी जात्यात दळली जातात. असे जाते तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम पूड देते. वेग वाढवला तर घर्षणाने पूड तापते आणि सुगंध व रंग दोन्ही बिघडतात.

सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने ज्या विधीला आजचे रूप दिले, त्यात सर्वांत महत्त्वाचा असतो तो कोइचा, म्हणजे दाट चहा. यात एका माणसामागे सुमारे ४ ग्रॅम पूड घेऊन, अगदी थोड्या गरम पाण्यात ती बांबूच्या घुसळणीने फेस न आणता मळल्यासारखी कालवतात आणि एकच वाडगा पाहुणे आळीपाळीने पितात. आपण चहा उकळून चोथा गाळून टाकतो. येथे मात्र संपूर्ण पानच पोटात जाते. उन्हात वाढलेल्या पानांची अशी दाट लापशी तुरटपणामुळे घशाखाली उतरणे कठीण झाले असते. त्यामुळे झाकलेले मळे आणि दाट चहाची प्रथा एकाच काळात बहराला आली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. रोजच्या पातळ चहाला, उसुचाला, सुमारे २ ग्रॅम पूड पुरते आणि त्यावर घुसळून फेस आणला जातो. तो फेस टिकवण्यात पानांतील सॅपोनिन या द्रव्याचा हात असतो.

आता बहुतेक मळ्यांवर काळी शेडनेट दिसते, कारण पेंढ्याचे मांडव उभारण्याचे श्रम फार आणि ते जाणणारे हात कमी. तरीही उजीत काही शेतकरी पेंढाच वापरतात. त्याखाली तापमान फारसे चढत नाही आणि पावसाचे पाणी पेंढ्यातून झिरपत जमिनीपर्यंत पोहोचते. अशा मळ्यांतील हाताने खुडलेला चहा मुख्यतः दाट चहासाठीच राखून ठेवला जातो.