घरी बनवलेले फ्लाइट सिम कंट्रोल्स: अडत होतं ते वायरीपाशी

हल्ली एक छोटा बोर्ड, दोन पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की रोध बदलणारा भाग) आणि चार बटणं जोडली की कॉम्प्युटरवरच्या विमानासाठी घरचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, तयार होतो आणि विमान उडवण्याचा सिम्युलेटर (सिम) तो लगेच ओळखतो पण, म्हणून सगळं श्रेय आर्डुइनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला देऊन लोक मोकळे होतात. ते अर्धंच खरंय. लाकूड, स्प्रिंग, बिजागऱ्या, पेडल हे सगळं आधीपासून कुणालाही जमत होतं, गाडी अडत होती ती दांडा किती हलला हे कॉम्प्युटरला कसं सांगायचं यावर.

तसं बघितलं तर या प्रकाराचा मूळपुरुषच जुगाडू होता. एडविन लिंकने १९२९ मध्ये वैमानिकांना जमिनीवरच शिकवणारा आपला ट्रेनर बनवला तो घरच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते आणि हवेचे पंप वापरून. आधी त्याला गिऱ्हाईक मिळालं ते करमणुकीच्या पार्कांतलं, अमेरिकन सैन्याने तो घेतला १९३४ मध्ये, खराब हवेत टपालाची विमानं उडवताना वैमानिक मरायला लागले तेव्हा.

घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम आलं ते लिहिणाऱ्या ब्रूस आर्टविकमुळे, १९८० च्या सुमारास ॲपल टू वर आणि मग १९८२ ला मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर. पीसीचा गेम पोर्ट, म्हणजे जॉयस्टिक जोडायची जागा, १५ पिनांचा, चार ॲक्सिस (हालचालीच्या दिशा) आणि चार बटणं, बास. त्याची पद्धत मला अजून भारी वाटते. पॉटमधून एक कपॅसिटर चार्ज व्हायचा आणि तो भरेपर्यंत किती वेळ लागला हे प्रोसेसर मोजत बसायचा, त्या वेळेवरून दांडा कुठे आहे ते कळायचं. म्हणजे १०० किलोओमचा पॉट मिळाला की जॉयस्टिक तुमची, पण हा आकडा प्रोसेसरच्या स्पीडवर ठरायचा, त्यामुळे मशीन बदललं की कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे जुळवणं, पहिल्यापासून.

चार बटणांत कॉकपिट कसं बसणार? मग लोकांनी जुने कीबोर्ड खोलले. आतला छोटा सर्किट बोर्ड काढायचा, कुठल्या दोन पिना जोडल्या की कुठलं अक्षर उमटतं ते कागदावर लिहीत जायचं आणि तिथे स्विच सोल्डर करायचे. स्वस्त आणि मस्त, पण लँडिंग गिअरला खरा खाली-वर राहणारा स्विच लावला की गंमत व्हायची, कारण सिममध्ये 'G' ची कळ दाबली की चाकं खाली, परत दाबली की वर, आणि स्विच खालीच राहिला म्हणजे कीबोर्डच्या हिशोबाने ती कळ दाबूनच धरलेली. एकदा उलटसुलट झालं की पॅनलवर चाकं खाली आणि विमानाची वर!

खरा बदल झाला १९९६ ला यूएसबी आल्यावर, त्यातही कीबोर्ड, माउस, जॉयस्टिकसाठीच्या एचआयडी नावाच्या प्रकारामुळे. डिव्हाइस जोडल्या जोडल्या स्वतःच सांगतं की माझ्याकडे इतके ॲक्सिस, इतकी बटणं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. माझ्या मते घरगुती कॉकपिटच्या इतिहासात यापेक्षा मोठं काही घडलेलं नाही. त्यावर मग बीयू०८३६ सारखे तयार बोर्ड आले, ८ ॲक्सिस आणि ३२ बटणं, कोड लिहायची गरजच नाही. ज्यांना तेही विकत घ्यायचं नव्हतं त्यांनी यूएसबी नसलेल्या एव्हीआर नावाच्या साध्या कंट्रोलर चिपकडून निव्वळ सॉफ्टवेअरने यूएसबी बोलून घेतलं.

आर्डुइनो सुरू झालं २००५ ला इटलीत इव्रियाला, डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी, विमानाशी काही संबंध नव्हता. आणि त्यातला सगळ्यांचा लाडका ऊनो बोर्ड जॉयस्टिक म्हणून सरळ चालतच नाही, कारण त्याच्या मुख्य चिपमध्ये यूएसबी नाही, शेजारची दुसरी चिप ते काम बघते आणि पीसीला जॉयस्टिक नाही, फक्त सीरियल पोर्ट (साधी माहिती इकडून तिकडे नेणारी वाट) दिसतो. ही अडचण सुटली ३२यू४ चिपमुळे, यूएसबी तिच्या पोटातच. टीन्सी नावाच्या बोर्डावर ती आधीच होती, २०१२ ला आर्डुइनोच्या लिओनार्डोवर आली आणि मग प्रो मायक्रो या छोट्या बोर्डाच्या स्वस्त नकला निघाल्यावर तर काय, पूरच आला.

मग लोकांचं लक्ष अचूकपणाकडे गेलं. या चिपा ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतात, ऐकायला भरपूर वाटतं, पण २७० अंश फिरणारा पॉट तुमचा दांडा जेमतेम ६० अंश फिरवत असेल तर हातात उरतात सव्वादोनशेच्या आसपास, आणि हे लँडिंगच्या वेळी चांगलंच जाणवतं. वरून पॉट घासून घासून थरथरायला लागतो ते वेगळंच. म्हणून मग लोहचुंबक आणि त्याची हालचाल न घासता ओळखणारे हॉल सेन्सर आले, ४०९६ भाग करणारे एसटीएम३२ चिपचे बोर्ड आले आणि त्यांच्यासाठी फ्रीजॉय नावाचं सॉफ्टवेअर, ज्यात बटणं-ॲक्सिस स्क्रीनवरच निवडायचे.

तोपर्यंत सगळी माहिती एकाच दिशेने जात होती. दिवे, मीटर, रेडिओचे आकडे पॅनलवर दिसायचे तर सिमने उलटं बोलायला हवं, त्यासाठी एफएसयूआयपीसी नावाचं जोड-सॉफ्टवेअर होतं, मायक्रोसॉफ्टच्या २००६ च्या एफएसएक्स सिमपासून सिमकनेक्ट ही त्याचीच सोय आली, पुढे मोबीफ्लाइट आणि डीसीएस हा लढाऊ विमानांचा सिम खेळणाऱ्यांसाठी डीसीएस-बायोस. इथे आर्डुइनोचा तोच सीरियल पोर्ट कामाला आला, कारण अशी ये-जा त्यावरून सोपी जाते, आणि गिअरचा स्विच पण थेट "खाली" किंवा "वर" असंच सांगू शकतो. म्हणूनच आज बऱ्याच घरगुती कॉकपिटमध्ये दोन बोर्ड दिसतात, दांड्यांना ३२यू४ आणि दिव्यांना, स्विचांना भरपूर पिना असलेला आर्डुइनो मेगा.