आधी तहान, मग ऊन, शेवटी पूर: नागपूरच्या हवामान नियोजनाची पार्श्वभूमी

नागपूरच्या माणसाला उन्हाचं नवल सांगू नये. मार्च संपता संपता कूलरवरची चादर काढायची, गेल्या वर्षीच्या ताट्या क्षार बसून कडक झालेल्या असतात त्या फेकायच्या, नव्या बसवायच्या, पंप चालतो का ते बघायचं. दिवाळीच्या साफसफाईइतकंच हे ठरलेलं काम. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, बाहेर पडायचंच असेल तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. ऊन म्हणजे या शहराचा स्वभाव, त्याचा आराखडा कोण करणार? म्हणूनच की काय, इथल्या नियोजनात ऊन फार उशिरा शिरलं. त्याआधी तीनशे वर्षं नियोजन म्हणजे पाणी.

देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या जोडून शहर वसवलं. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानने जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा शुक्रवारी तलाव, कागदोपत्री गांधीसागर. भोसल्यांच्या काळात आणखी तलाव झाले. १८७० च्या दशकात अंबाझरी तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोरेवाड्याचं, पुढे कन्हान नदीचं आणि मग पेंचचं. दर खेपेला पाणी आणखी लांबून. लांबचं पाणी घरात आलं तसे जवळचे तलाव आणि विहिरी अडचण वाटू लागल्या. ज्या नाग नदीवरून शहराचं नाव पडलं, तिला आज बोलताना सर्रास ‘नाग नाला’ म्हणतात.

याच काळात जमिनीचंही काही घडत होतं. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आली, १९५१ मध्ये महानगरपालिका झाली. एका शहराला दोन कारभारी. पुण्या-मुंबईत लोक सोसायटीत राहतात, नागपुरात ले-आउटमध्ये. शेत विकत घ्यायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, प्लॉट विकायचे. रस्ता, गटार, नाल्याची हद्द यांचं पुढे बघू. असे शेकड्यांनी अनधिकृत ले-आउट उभे राहिले आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करायची वाट निघाली. ‘पाचशे बहात्तर’ आणि ‘एकोणीसशे’ या अशा ले-आउटच्या संख्याच, पण नुसतं तेवढं म्हटलं तरी कोणते ते इथे वेगळं सांगावं लागत नाही. मालकीचा प्रश्न मार्गी लागला, पण पाण्याने कुठून वाहायचं हे नियमितीकरणाच्या पत्रावर लिहिलेलं नसतं. 

उन्हाला कागदावर जागा मिळाली ती अहमदाबादमुळे. तिथे २०१० च्या लाटेत माणसं दगावली आणि २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नागपूरचा आराखडा आला २०१६ मध्ये. इशारा कोणी कोणाला द्यायचा, रुग्णालयात थंड खोल्या राखून ठेवायच्या, बागा भर दुपारी उघड्या ठेवायच्या, अशी साधी कामं त्यात आहेत. चौकात सिग्नलवर बांधलेल्या हिरव्या जाळ्या लोकांना आवडल्या, कारण त्या दिसतात. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा गावभर मोबाइल वाजले. दोष सेन्सरचा होता, असा खुलासा हवामान खात्याने केला. गंमत म्हणजे तोवर बहुतेकांनी विश्वास ठेवलाही होता.

माझ्या मते या शहराने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम मात्र कोणाच्या फोटोत येत नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना यंत्रं थंड ठेवायला अफाट पाणी लागतं. तिथे चांगलं पाणी घालण्यापेक्षा शहराचं सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध करून द्यावं, असा करार महापालिकेने महानिर्मितीशी, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीशी, केला आणि दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. वीज केंद्राने सांडपाण्यावर भागवलं की तेवढं पेंचचं पाणी पिण्याला उरतं. त्याची किंमत २०१९ मध्ये कळली. वर मध्य प्रदेशात पेंचवर चौराईला धरण झाल्याने खाली येणारं पाणी घटलेलं, त्यात पाऊस लांबला, पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि चक्क जुलैत नळ एक दिवसाआड आले. तरीही शुद्ध न होता सुटणारं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जातंच.

राहिला होता पूर. तो इथे येत नाही, अशी सगळ्यांची समजूत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चारेक तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी भरून वाहू लागला आणि खालच्या अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक झोपेत असतानाच पाणी घरात शिरलं. शहरात चौघांचा जीव गेला. पुढे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. सांडव्याजवळचा विवेकानंदांचा पुतळा, नदीपात्राची रुंदी, दीडशे वर्षं जुन्या बांधाची ताकद, सगळ्याची चर्चा तिथे झाली. म्हणजे १८७० च्या दशकात तहान भागवणाऱ्या तलावाकडे शहराला धोका म्हणून पाहावं लागलं ते २०२३ मध्ये.

त्या भागातल्या ओळखीच्या एका काकूंकडे दिवाळीनंतर गेलो होतो. भिंतींना नवा रंग होता, फक्त जिन्याखालची एक पट्टी त्यांनी रंगवू दिली नव्हती. तिथे गाळाची रेघ होती, माझ्या कंबरेच्या थोडी वर. इन्व्हर्टर त्यांनी माळ्याच्या उंचीवर लोखंडी फळी ठोकून ठेवला होता आणि त्याच्याच बाजूला, वरच, पुढच्या उन्हाळ्याचा कूलर.