थकव्याला आकडा मिळायला २००६ का उजाडले?

संधिवात किती जोरात आहे हे ठरवताना डॉक्टर दुखरे आणि सुजलेले सांधे मोजतात, शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर किंवा सीआरपी या रक्तचाचण्या बघतात आणि 'एकंदर कसे वाटते' याचा आकडा रुग्णाला विचारतात. काय मोजायचे याच्या या याद्या वैद्यकीय परिषदांमध्ये, बऱ्याच वादावादीनंतर ठरल्या आहेत.

पूर्वी परिषद म्हणजे मुख्यतः नव्या औषधाची घोषणा. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांच्या गटाने कॉर्टिसोन या सूज उतरवणाऱ्या औषधाचे संधिवातावरचे परिणाम मांडले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही दिवसांत चालू लागले होते. पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले. पण औषध थांबवले की दुखणे परतायचे आणि मोठा डोस लांबला की हाडे ठिसूळ व्हायची, जंतुसंसर्ग वाढायचा.

पुढे अडचण निराळीच निघाली. औषधाची प्रत्येक चाचणी रुग्णांतला फरक आपापल्या पट्टीने मोजत होती, त्यामुळे दोन औषधांची तुलनाच जमेना. म्हणून १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला, संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजायचे हे ठरवणारी 'ओमेरॅक्ट' परिषद भरली. किमान काय मोजायचेच, याची यादी पक्की होऊ लागली. तीत वेदना होती, हालचालीची क्षमता होती. थकवा मात्र नव्हता.

तो आणला रुग्णांनी. ओमेरॅक्टच्या २००२ च्या ऑस्ट्रेलियातल्या बैठकीत त्यांना प्रथमच चर्चेत सहभागी म्हणून बोलावले गेले. झोपून उठले तरी न जाणारा थकवा त्यांनी ठासून मांडला. नुसत्या म्हणण्यावर भागत नाही: प्रश्नावली पुन्हा भरली तर उत्तर स्थिर राहते का, उपचाराने आकडा हलतो का, हे तपासावे लागते. ते झाल्यावर २००६ मध्ये, जिथे शक्य तिथे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या (सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या) औषध-चाचण्यांत थकवा मोजावा, असे ठरले. उशीरच म्हणायचा.

भोके अजूनही आहेत. आजाराचा जोर ठरवायला सर्वाधिक वापरली जाणारी, २८ सांधे तपासणारी 'डास-२८' पद्धत खांदे, कोपरे, मनगटे, हातांची बोटे आणि गुडघे मोजते. घोटे, पावले सोडून देते. चवडा सुजला असेल तरी आकडा चांगला येऊ शकतो, म्हणून तपासणीत बूट-मोजे काढून पाय दाखवावेत. थकवाही आपणहून सांगावा, कारण त्यामागे रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकारही असू शकतो.

तज्ज्ञ संघटनांच्या शिफारशींत मुदतही आहे: उपचार सुरू करून ३ महिन्यांत सुधारणा नाही किंवा ६ महिन्यांत ठरवलेले लक्ष्य गाठले नाही, तर उपचार बदलावेत. तारखा लिहून ठेवल्या असतील तर हे विचारता येते.