लिनक्सवरील उपकरणजोडणीचे दोषशोधन

लिनक्स संगणकाला जोडलेले उपकरण चालत नसल्यास अडचण कोणत्या टप्प्यावर आहे हे शोधून ती दूर करण्याची पद्धत. कर्नेलला (प्रणालीच्या गाभ्याला) उपकरण दिसणे, त्याला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) मिळणे, लागत असेल तर फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) भरले जाणे आणि वापरकर्त्याला ते वापरण्याची परवानगी असणे, असे हे टप्पे असून तपासही त्याच क्रमाने करावा. घाईने संपूर्ण प्रणाली नव्याने बसवल्यास मूळ कारण बहुधा जागच्या जागी राहते आणि दिवस वाया जातो.

प्रत्येक यूएसबी उपकरण चार-चार षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ) अंकांचे दोन क्रमांक सांगते. पहिला उत्पादकाचा, दुसरा उत्पादनाचा. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ते दाखवते. खोक्यावरील नावापेक्षा याच क्रमांकांवर भिस्त ठेवावी, कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या वाय-फाय डोंगलांत निरनिराळ्या चिप सापडतात. यादीत उपकरणच नसेल, तर आधी केबल बदलून पाहावी. केवळ चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

कर्नेलच्या नोंदी ‘डीमेसेज’ या आज्ञेने वाचता येतात आणि दोषशोधनाचा खरा आधार त्याच होत. उबुंटू २२.०४ या लिनक्स वितरणावर सीएच३४० ही चिप असलेला आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा) बोर्ड जोडला, की ‘टीटीवाययूएसबी०’ हे पोर्ट तयार झाल्याची ओळ उमटते आणि लगेच ते तुटल्याचीही. बोर्डही ठीक असतो, ड्रायव्हरही. अंध व्यक्तींच्या ब्रेल पटलासाठी असलेली ‘बीआरएलटीटीवाय’ ही सेवा ते पोर्ट ताब्यात घेते, कारण एका ब्रेल पटलाचा क्रमांकही १ए८६:७५२३ हाच आहे. ही सेवा काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु त्या संगणकावर ब्रेल वापरणारे कोणी असेल, तर त्या एका क्रमांकाचा यूडेव्ह नियम (उपकरण जोडताच काय करायचे हे सांगणारा) तेवढा बंद करावा. सेवाच काढली, तर त्या व्यक्तीला संगणक वापरणेच अशक्य होईल.

फर्मवेअर नसल्यास हव्या असलेल्या फाइलचे नाव त्याच नोंदींत बहुधा मिळते. डेबियन या वितरणाच्या इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेले फर्मवेअर २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून समाविष्ट आहे. त्यापूर्वी वाय-फायचे फर्मवेअर आणायलाच इंटरनेटची दुसरी जोडणी शोधण्याची पाळी अनेकांवर येई. सिक्युअर बूट (केवळ सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना स्वतः बांधलेले, डिजिटल सही नसलेले मॉड्यूल (कर्नेलमध्ये भरला जाणारा ड्रायव्हर) कर्नेल सहसा नाकारतो, हेही ध्यानात ठेवावे.

पोर्ट दिसते पण उघडत नाही, तेव्हा प्रश्न परवानगीचा असतो. डेबियन व उबुंटूमध्ये वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात असावा लागतो, आर्च या वितरणात ‘यूयूसीपी’ गटात. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केल्याशिवाय बदल लागू होत नाही.