बहुसंवेदक स्थाननिश्चिती

उपग्रहांच्या संकेतांना इतर संवेदकांच्या मोजमापांची जोड देऊन वस्तूचे स्थान, वेग आणि दिशा ठरवण्याची पद्धत. प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारा), जायरोस्कोप (वळणे मोजणारा), वायुदाबमापक, चाकांच्या फेऱ्या मोजणारे यंत्र आणि कॅमेरा हे तिच्यातले नेहमीचे जोडीदार. मोबाइल, विमान, ड्रोन, रेल्वे आणि जमीनमोजणीची साधने या सर्वांत ती वापरतात. प्रत्येक संवेदक चुकतोच, पण प्रत्येकाची चुकण्याची तऱ्हा वेगळी असते; सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि जागा सतत कळवत असतात. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. तीन दिशांतले स्थान आणि संकेत घेणाऱ्या ग्राहकयंत्रातल्या साध्या घड्याळाची चूक अशी चार अज्ञाते असल्याने किमान चार उपग्रह दिसावे लागतात. वेळ एका मायक्रोसेकंदाने चुकली, तर अंतर ३०० मीटरने चुकते. निपाणी-चिकोडीकडच्या उसाच्या पट्ट्यात आकाश चहूकडून मोकळे असते, तिथे एवढ्यावर भागते. बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे निघाले की झाडी रस्त्यावर झुकते, डोंगर क्षितिजाजवळचे उपग्रह झाकतात आणि पावसाळ्यात भिजलेली पाने आधीच क्षीण असलेला संकेत आणखी शोषून घेतात. बेळगाव शहरातली अडचण निराळी. खडे बाजार, गणपत गल्ली अशा दाटीच्या भागात संकेत भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो, अंतर जास्त भरते आणि मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो.

प्रवेगमापक आणि जायरोस्कोप यांना आकाश दिसण्याची गरज नसते. सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक वेळा ते आतल्या आत हालचाल मोजतात, आणि निघण्याची जागा ठाऊक असली की बेरीज करत पुढची जागा काढता येते. गाडी वळलेली नाही हे जायरोस्कोपला ठाऊक असते, म्हणून ठिपक्याची शेजारच्या गल्लीतली उडी खोटी ठरवता येते. मात्र ही बेरीज चुकांचीही होते. प्रवेगात ०.०१ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढी बारीक चूक कायम राहिली, तर एका मिनिटात १८ मीटरचा आणि दोन मिनिटांत ७२ मीटरचा फरक पडतो. उपग्रहाचे मोजमाप क्षणोक्षणी डगमगते, पण त्याची चूक अशी साठत जात नाही.

दोघांचा मेळ घालण्यासाठी बहुधा कालमन गाळणी वापरतात; ज्याचा भरवसा जास्त त्या मोजमापाला जास्त वजन देऊन एक उत्तर काढण्याची ही गणिती रीत. अभियंते रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेले हे गणित पुढे अपोलो यानांच्या मार्गनिर्धारणातही वापरले गेले. समजा, उपग्रहांवरून गाडी २० मीटर पुढे गेल्याचे दिसते आणि त्यात सुमारे ६ मीटरची अनिश्चितता आहे; जडत्वमापक (प्रवेगमापक आणि जायरोस्कोप यांची जोडी) १० मीटर सांगतो, त्याची अनिश्चितता ३ मीटर. अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिले की १ : ४ असे प्रमाण येते आणि उत्तर १२ मीटर निघते. उरलेली अनिश्चितता सुमारे २.७ मीटर, म्हणजे दोघांपैकी कोणाहीपेक्षा कमी. सगळे कौशल्य ही वजने प्रामाणिकपणे ठरवण्यात आहे. भिंतीवरून आलेल्या संकेतावर मोकळ्या आकाशाइतकाच विश्वास टाकला, तर गाळणी ठामपणे चुकीचे उत्तर देते.

जोडणी सैल किंवा घट्ट असते. सैल जोडणीत उपग्रहांवरून काढलेले तयार स्थान घेतात. घट्ट जोडणीत प्रत्येक उपग्रहाचे अंतर सुटे घेतात, त्यामुळे झाडीतून दोनच उपग्रह दिसले तरी त्यांचा उपयोग होतो.

लोंढ्याहून गोव्याकडे जाणारी रेल्वे कॅसलरॉकपुढे ब्रिगांझा घाटात एकामागून एक बोगदे पार करते. बोगद्यात उपग्रह नाहीत. चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर काढायचे, तर परतीच्या १:३७ च्या चढावर (३७ मीटरला एक मीटर चढ) ओल्या रुळांवर चाक जागीच घसरू शकते. फेऱ्या वाढल्या आणि प्रवेग वाढला नाही, हे प्रवेगमापकामुळे लक्षात येते.

बेळगावकडच्या माणसाला ही पद्धत सर्वांत जवळून भेटते ती शेताच्या बांधावर. बांधाचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तिथे वीतभर जमीनही मोलाची असते. मोजणीचे उपग्रहयंत्र दुसऱ्या, स्थिर यंत्राकडून दुरुस्त्या घेऊन काही सेंटिमीटरपर्यंत अचूक ठरते, पण ते बसवलेले असते काठीच्या वरच्या टोकाला. दोन मीटरची काठी १० अंश कलली, तर टोक सुमारे ३५ सेंटिमीटर सरकते. हद्दीचा दगड आंब्याच्या बुंध्याशी किंवा विहिरीच्या काठाला खेटून असला, की काठी सरळ उभी राहत नाही आणि पाणपातळीचा बुडबुडा मध्यावर येत नाही. नव्या यंत्रांतला जडत्वमापक काठी किती आणि कोणत्या दिशेला कलली आहे ते मोजून खालच्या टोकाचे स्थान काढतो. त्यासाठी आधी काठी घेऊन चार पावले चालावे लागते, कारण दिशा त्याला हालचालीतूनच कळते. काठी बराच वेळ एका जागी धरली तर ही जुळणी ढळते आणि पुन्हा चालून ती करून घ्यावी लागते.